नातीचा संघ आणि पणजोबांची कानस

इंदूरहून एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात संपादकांमार्फत आमच्या हाती आले. त्यांचा नातू अमेरिकेत नववीत गेला असून तेथील शाळेत यंत्रमानव तयार करणाऱ्या मुलांच्या संघात त्याने नाव घातले आहे. तो रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत घरी येत नाही, शनिवार सबंध तिकडेच घालवतो, आणि विशेष म्हणजे त्या संघावर शिक्षकांची हुकमत नाही, मुलेच सारा कारभार पाहतात, हे ऐकून बाईंच्या जिवाला घोर लागला आहे. "आपण या सदरात सर्व विषयांवर लिहिता, तर यावरही लिहावे. हे अभ्यासाचे काम आहे की उनाडक्यांचे, एवढे तरी कळू द्या," असा त्यांचा आग्रह आहे.

सर्व विषयांवर लिहिणे म्हणजे सर्व विषयांतले कळणे नव्हे, हे आमचे वाचक इतक्या वर्षांत ओळखून असतील. आमची हयात बडोद्यात एका बँकेच्या खतावण्या जुळवण्यात गेली. यंत्राशी आमचा संबंध पंखा बंद पडला म्हणजे वायरमनला बोलावणे पाठवण्यापुरता. परंतु योगायोग असा, की नेमका याच विषयाचा एक सबंध हिवाळा आम्ही उभयतांनी अगदी जवळून पाहिला आहे. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही लेकीकडे न्यू जर्सीस गेलो ते २०२४ च्या जूनपर्यंत तेथेच होतो, आणि त्याच वर्षी आमची नात नववीत, म्हणजे तिकडच्या हायस्कुलाच्या पहिल्या इयत्तेत, जाऊन अशाच एका संघात दाखल झाली होती. तेव्हा बाईंना उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार आम्हांस आहे असे मानून लिहितो.

प्रथम हे प्रकरण आहे तरी काय, ते सांगितले पाहिजे. डीन केमन नावाचे एक अमेरिकन संशोधक आहेत. अंगावर बाळगता येईल असा इन्शुलिनचा पंप आणि पुढे दोन चाकांवर तोल सांभाळणारी 'सेगवे' ही गाडी, ही त्यांची गाजलेली कामे. आपल्या देशातील मुले खेळाडूंना आणि नटांना देव्हाऱ्यात बसवतात, परंतु अभियंता म्हणजे काय हे त्यांस ठाऊकही नसते, याची त्यांना खंत वाटे. त्यातून १९८९ साली त्यांनी 'फर्स्ट' नावाची संस्था काढली. अभियंत्यांनाही खेळाडूंसारखे मैदान मिळाले तर, असा तो विचार होता. पहिली स्पर्धा १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर गावी एका हायस्कुलाच्या व्यायामशाळेत झाली. संघ होते २८. जमिनीवर मक्याचे दाणे पसरलेले आणि त्यातून टेनिसचे चेंडू गोळा करायचे, असा तो पहिला खेळ होता. मक्याच्या दाण्यांवरून माणसाचाही पाय घसरतो, मग मुलांनी घाईघाईने जोडलेल्या यंत्रांची काय त्रेधा उडाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आज या स्पर्धेत निरनिराळ्या देशांतील हजारो संघ उतरतात.

या कामी केमन यांस साथ मिळाली ती एम्. आय्. टी. मधील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांची. १९७० नंतरच्या काळात ते आपल्या विद्यार्थ्यांना सारखेच अटरफटर सामान वाटून देत, त्यातून प्रत्येकाने आपले यंत्र करावे आणि मग त्या यंत्रांची झुंज लावावी, असा वर्ग चालवीत. स्पर्धेत जीव तोडून लढावे, परंतु प्रतिस्पर्ध्याचे यंत्र अडले तर आपला पाना त्याच्या हाती द्यावा, ही शिकवण त्यांची. तिला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ 'सौजन्यपूर्ण व्यावसायिकता' असा काहीसा होईल. मराठीत तो शब्द जड होतो, पण आखाड्यात सलामी देऊन भिडणारे आणि कुस्ती संपल्यावर एकमेकांच्या अंगावरची माती झटकणारे मल्ल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस तो समजावून सांगण्याची गरज नाही. फ्लॉवर्स २०१९ साली निवर्तले.

आता 'मुलांनी चालवलेला संघ' म्हणजे काय. केमन यांच्या मूळ कल्पनेत मुलांनी प्रत्यक्ष अभियंत्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करावे असे होते, आणि पुष्कळ संघांत आजही तसेच चालते. किती काम मोठ्यांनी करावे आणि किती मुलांनी, याविषयी स्पर्धेच्या नियमांत सक्ती नाही. त्यामुळे काही संघांत यंत्राचा आराखडाच मुळी कारखान्यातल्या एखाद्या अनुभवी गृहस्थाचा असतो, तर काही संघांत मोठ्यांनी हात मागे बांधून उभे राहावे असा दंडक असतो. आमच्या नातीचा संघ या दुसऱ्या प्रकारचा. शाळेचे एक शिक्षक किल्ली, कागदपत्रे आणि सुरक्षितता यांस जबाबदार. एक निवृत्त अभियंता रोज संध्याकाळी येत, परंतु काही विचारले तर उत्तर न देता "तुला काय वाटतं?" असे उलट विचारीत. बाकी यंत्र कसे करायचे, कोणी करायचे, पैसा कोठून आणायचा, नव्यांना घ्यायचे की नाही, हे सारे पंधरा ते अठरा वर्षांची मुले ठरवीत.

पैशाचे म्हणाल, तर ते खेळण्यातले नाही. एका हंगामाची नोंदणीच सहा हजार डॉलरांच्या घरात जाते. सामान, प्रवास वेगळा. त्यासाठी मुले गावातील दुकानदारांना, दंतवैद्यांना, कंपन्यांना पत्रे लिहितात, समक्ष भेटतात, हिशेब छापून देतात. आमच्या दांडिया बाजारातील गणेशोत्सवाची वर्गणी ज्यांनी जिने चढून गोळा केली असेल, त्यांस यात नवे काही वाटणार नाही. फरक इतकाच, की आमच्या मंडळाच्या पावतीपुस्तकापेक्षा या मुलांचे हिशेब अधिक चोख होते. हे आम्ही बँकेतला जुना माणूस म्हणून सांगतो.

नातीने सप्टेंबरात अर्ज केला तेव्हा आम्ही तेथे नव्हतो. फोनवर ऐकले ते असे. बारावीतल्या दोन मुली आणि एक मुलगा, असे तिघे टेबलापलीकडे बसून मुलाखत घेत होते. गणिताचे गुण त्यांनी विचारले नाहीत. विचारले ते हे, की तू कधी एखादी वस्तू मोडली आहेस काय, आणि मग काय केलेस? नातीने सांगितले, की आईने बडोद्याहून आणलेला मिक्सर तिने उघडला होता, पुन्हा जोडलाही होता, तो चालूही झाला, मात्र शेवटी एक स्क्रू हातात शिल्लक राहिला आणि तो अजून तिच्या कंपासपेटीत आहे. त्या उत्तरावर तिला घेतले असे ती म्हणते. आमच्या लेकीला मिक्सर मधूनमधून का खडखडतो, हे त्या दिवशी कळले.

संघात चार-पाच गट असतात. लोखंड-अ‍ॅल्युमिनियमचे काम करणारा एक, तारा जोडणारा दुसरा, संगणकाला आज्ञा लिहिणारा तिसरा, आणि पत्रव्यवहार, हिशेब, प्रसिद्धी पाहणारा चौथा. नातीची ओढ पहिल्या गटाकडे. परंतु तिचे अक्षर व चित्रकला चांगली, हे वरच्या मुलांच्या ध्यानात आले आणि तिला चौथ्या गटात घातले. कोणी दुष्टपणाने केले असे नव्हे. "तुला हे छान जमेल," असे म्हणून केले. महिनाभर ती फलक रंगवीत बसली आणि घरी येऊन मुकाट जेवू लागली.

येथे आमच्या लेकीचे जे रूप दिसले ते आम्हांस अपरिचित होते. लेक स्वभावाने शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण ऑक्टोबरातल्या एका रविवारी फोन चालू असतानाच ती मुलीला म्हणाली, "तुला तिथं जायचंय ना? मग उद्या जा आणि माग. फलक रंगवत बसलीस तर चार वर्षं फलकच रंगवशील." आवाजात इतकी धार होती, की सौ. ने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "अगं, काम ते काम, फलकही लागतातच की." त्यावर लेक काही बोलली नाही. नात दुसऱ्या दिवशी गेली आणि तिने मागितले. संघप्रमुख होती सतरा वर्षांची एक मुलगी. ती म्हणाली, आधी हत्यारांची परीक्षा दे. आठवडाभर सुरक्षिततेचे नियम पाठ करून, छिद्रयंत्रावर हातमोजे का घालू नयेत आणि केस का बांधावेत हे तोंडी सांगून, नात पहिल्या गटात शिरली.

डिसेंबरात आम्ही पोहोचलो. ६ जानेवारी २०२४ चा शनिवार होता. त्या दिवशी दुपारी त्या वर्षीचा खेळ कोणता, हे जगभरच्या संघांना एकाच वेळी कळवतात. नियमांचे पुस्तक आधीच संगणकावर आलेले असते, परंतु ते कुलूपबंद, आणि त्याचा परवलीचा शब्द त्या क्षणी जाहीर होतो. मॅट्रिकच्या प्रश्नपत्रिकेचे लाखेचे सील फोडावे तसे हे चालते. त्या वर्षीचा खेळ संगीतावर रचला होता. फेसासारख्या मऊ पदार्थाची, सव्वा फुटाहून थोडी लहान व्यासाची नारिंगी कडी जमिनीवरून उचलायची आणि उंचावरच्या खिडकीत फेकायची, शेवटी यंत्राने साखळीला धरून स्वतःस लटकवायचे. जत्रेत आपण कडी फेकून साबणाची वडी जिंकतो, त्याच खेळाचा हा थोरला भाऊ. अडीच मिनिटांचा एक सामना. पहिले पंधरा सेकंद यंत्राने आपल्या बुद्धीने, म्हणजे आधी लिहून दिलेल्या आज्ञांनुसार, चालायचे आणि मग मुलांनी दुरून हाकायचे. तीन शाळा एका बाजूला, तीन दुसऱ्या. कोण कोणाचा सोबती हे प्राथमिक फेऱ्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, म्हणजे सकाळचा मित्र दुपारी समोर उभा.

यंत्रमानव हा शब्द आम्ही सवयीने वापरीत आहोत, पण त्यात मानवाचे काहीएक नव्हते. चौरंगासारखी एक बैठक, तिच्या चार कोपऱ्यांना चार चाके आणि प्रत्येक चाक आपापल्या दिशेने वळणारे. त्यामुळे यंत्र तोंड न फिरवता खेकड्यासारखे आडवेही धावे. २०२४ साली वजन १२५ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ५७ किलोंपेक्षा, अधिक चालत नसे. बॅटरी व भोवतालची गादी त्यातून वगळलेली. २०१९ पर्यंत असा नियम होता, की सहा आठवडे संपले की यंत्र मोठ्या पिशवीत घालून सील करायचे आणि स्पर्धेच्या दिवशीच उघडायचे. तो आता गेला. मुलांची झोप वाचावी हा हेतू असेल, तर तो साधलेला आम्हांस दिसला नाही.

जानेवारीच्या मध्यास एके संध्याकाळी नातीला डबा द्यायच्या निमित्ताने आम्ही शाळेत गेलो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत गोंगाट. दारातच एका मुलाने आमच्या चष्म्यावर दुसरा संरक्षक चष्मा चढवला आणि मगच आत सोडले. नात एका कोपऱ्यात शेगड्यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी धरून कानस चालवीत होती. कापलेल्या कडेवरची कुसळे काढण्याचे ते काम. पुढे जाताना भार द्यायचा, मागे येताना कानस उचलून घ्यायची, डाव्या हाताचा तळवा टोकावर. आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. कारण तो हात आमच्या ओळखीचा होता.

आमचे वडील कलाभवनाचे विद्यार्थी. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे, तर श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली हे कलाभवन काढले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा त्यामागे मोठा हात. यंत्रविद्या, रंगकाम, सुतारकाम हे विषय मुलांना त्यांच्याच भाषेतून शिकवावेत, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके हेही काही काळ तेथे शिकले. वडील १९३० च्या सुमारास तेथे होते आणि सांगत, की पहिले सबंध सत्र त्यांना लोखंडाचा एक ठोकळा कानशीने घासून चौकोनी करण्यात घालवावे लागले. गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की मास्तर एक शब्द न बोलता ठोकळा परत देत. त्या कानशी, तो गुण्या, एक पितळी माप, अशी त्यांची एक लाकडी पेटी होती. तिला हात लावण्याची आम्हांस मुभा होती, परंतु आवड नव्हती. पणजोबांना नातीने पाहिलेही नाही. ते १९८४ मध्ये वारले. अकरावीतल्या एका चिनी वंशाच्या मुलाने तिला कानस धरायला शिकवली होती आणि त्याला त्याच्या आधीच्या कोणी. तरी हात तोच होता.

फेब्रुवारीत घरात कलह झाला. बीजगणिताच्या चाचणीत नातीचे गुण घसरले आणि जावई, जे एरवी कोणास दुखवीत नाहीत, म्हणाले, "बाबा, तुम्हीच सांगा, कॉलेजचे लोक गुण बघणार की हे नटबोल्ट?" आम्ही जावयांच्या बाजूचे होतो, हे कबूल करतो. रात्री साडेनऊला मुलगी घरी येते, ग्रीस लागलेले हात धुऊन जेवायला बसते आणि ताटावर डुलक्या घेते, हे कोणत्या आजोबास रुचेल? पण तोड निघाली ती आमच्याकडून नव्हे. संघाचाच नियम होता, की गुण एका पायरीखाली गेले तर कार्यशाळा बंद. संघप्रमुख मुलीने तिला दोन आठवडे घरी बसवले, आणि रोज संध्याकाळी एक मुलगा तिला फोनवरून बीजगणित समजावी. आम्ही सांगितले असते तर तिने आदळआपट केली असती. सतरा वर्षांच्या मुलीने सांगितले ते तिने ऐकले. यात आमचा थोडा अपमान आहे, पण आहे ते असे आहे.

मार्चमधील पहिली स्पर्धा शेजारच्या गावातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. चाळीसएक संघ. प्रत्येकास दहा बाय दहा फुटांची एक जागा, तीत यंत्र, हत्यारे आणि दहा-बारा मुले. लेकीने दीडशे बटाटेवडे तळून नेले होते, ते पहिल्या तासात संपले. पहिले तीन सामने ठीक झाले. चौथ्यात यंत्र कडी उचलायला वाकले, आणि पुढचा रूळ एका बाजूने निसटून खाली लोंबला, गादीखाली अडकला. मैदानाच्या मधोमध यंत्र थरथरत उभे राहिले. पाऊण मिनिट झाले होते, उरलेला पाऊणेदोन मिनिटांचा वेळ ते तसेच उभे होते. सोबतच्या दोन शाळा एकट्या लढल्या आणि हरल्या.

तो रूळ बसवला होता आमच्या नातीने. स्क्रू हादऱ्याने ढिले होऊ नयेत म्हणून त्यांच्या आट्यांना एक निळा द्रव लावतात. दोन स्क्रूंना तो लावला, तेवढ्यात कोणी हाक मारली, आणि उरलेले दोन तसेच आवळले गेले. निवृत्त अभियंता जवळच उभे होते. त्यांनी मैदानातून परतलेल्या यंत्राकडे एकदा पाहिले आणि कारण त्यांस तेव्हाच कळले असावे, कारण ते चटकन दुसरीकडे पाहू लागले. संघप्रमुखाने विचारले, "काय झालं?" नात म्हणाली, "दोन स्क्रूंना मी लावायला विसरले." कोणी रागावले नाही. फळ्यावर कारण लिहिले गेले, नाव लिहिले गेले नाही. मग ती प्रमुख मुलगी तिला घेऊन सोबतच्या दोन्ही शाळांच्या जागी गेली आणि दोघींनी चूक कोणाची हे सांगितले. एका शाळेच्या मुलांनी पाठ थोपटली. दुसऱ्या शाळेचा मुलगा "ठीक आहे" म्हणून वळला आणि पुन्हा बोलला नाही. फ्लॉवर्स यांची शिकवण सर्वांनाच सारखी पचते असे नाही.

रुळाची पट्टी वाकली होती आणि जादा पट्टी घरी राहिली होती. ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला, आणि पाचव्या मिनिटास दोन संघ अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे घेऊन आले. त्यातला एक पुढच्याच सामन्यात यांच्याविरुद्ध उभा राहणार होता. त्या पट्टीतली छिद्रे पाव मिलिमीटरने जुळेनात. नातीने गोल कानस घेतली. हात कापत होते, हे वरच्या बाकांवरूनही दिसत होते. एवढा वेळ त्या अभियंत्यांनी दोन्ही हात खिशात घालून ठेवले होते. उंटावरून शेळ्या हाकण्याची सवय आमची जन्माची आहे. या माणसाने उंटावरून उतरून गप्प राहणे कसे साधले असेल, याचा आम्ही अजून विचार करतो. पुढचा सामना सुरू होण्यास चार मिनिटे असताना रूळ बसला. त्यानंतर दोन्ही दिवस नातीकडे एकच काम होते. प्रत्येक स्क्रू आवळून त्याच्या डोक्यावरून पट्टीवर लाल रंगाची एक रेघ ओढायची. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दर सामन्यानंतर गुडघ्यांवर बसून ती त्या रेघा मोजी.

संघ एकोणिसावा आला. बाद फेरीसाठी पहिल्या आठ संघांचे प्रमुख आपापले सोबती निवडतात. यांना कोणी निवडले नाही.

रात्री मोटारीत नात खिडकीकडे तोंड करून रडत होती. पुढे लेक गाडी चालवीत होती, मागे आम्ही उभयता. सौ. म्हणाली, "जाऊ दे गं बाळा, चुका व्हायच्याच." बराच वेळ कोणी बोलले नाही. मग लेक रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "चूक तुझीच होती, म्हणून तुला रडू येतंय. मला तर चूक करायलाही कुणी दिली नाही."

ती मुलीशी बोलत होती. पण गाडीतल्या चौघांनाही ठाऊक होते, की ते कोणासाठी होते. १९८९ साली बारावीत आमच्या लेकीला इतके गुण होते, की यांत्रिक अभियांत्रिकीस तिला प्रवेश मिळाला असता. अर्ज तिने स्वतः आणला होता. ती विद्याशाखा म्हणजे जुने कलाभवनच, दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आम्ही म्हणालो, मुलीच्या जातीने भट्टीपाशी आणि लेथपाशी उभे राहायचे काय, त्यापेक्षा संख्याशास्त्र घे, बँकेत लागशील. ती संख्याशास्त्र शिकली, पुढे संगणकात गेली, उत्तम मिळवते. आम्ही आजवर हे आपल्या दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून पाहुण्यांना सांगत आलो. आणि त्याच वर्षी आमचा पुतण्या अभियांत्रिकीस गेला, तेव्हा वडिलांची ती पेटी आम्ही त्याला दिली. लेकीने ती मागितली होती. आम्ही म्हटले होते, "तू काय करणार तिचे?"

असो. इंदूरच्या भगिनींना उत्तर द्यायचे राहते आहे.

मुलांनी चालवलेल्या संघात सर्व काही गोड आहे, असे समजू नये. सामान वाया जाते. जे मोठ्या माणसाने दोन वाक्यांत सांगितले असते, ते शोधून काढण्यात मुलांचे दोन आठवडे जातात. जूनमध्ये बारावीची मुले पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्याबरोबर शहाणपणही जाते, म्हणून चांगले संघ सगळे वहीत लिहून ठेवतात आणि वाईट संघ दरवर्षी नव्याने आपटतात. मुलांच्या राज्यातही कंपू असतात, आणि आमच्या नातीस फलक रंगवायला बसवणारी मुले मुलेच होती. तेव्हा आपल्या नातवाला, बाई, हे विचारा. तुझ्या हातात हत्यार येते काय, की तू नुसता उभा असतोस? तुझे काम मोडले तर दुरुस्त कोण करते? गुण घसरले तर काय नियम आहे? आणि कार्यशाळेत एक तरी जबाबदार मोठा माणूस सदैव हजर असतो ना? याची उत्तरे बरी आली, तर रात्री नऊपर्यंत जेवण गरम ठेवावे आणि स्वस्थ असावे.

आपल्याकडे हे नाही, असेही नाही. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा मिळाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, दर शाळेस वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि अशा शाळा दहा हजारांवर गेल्या आहेत. कित्येक ठिकाणी उत्तम काम चालते. पण आमच्या माहितीतल्या एका शाळेत ती खोली आम्ही पाहिली, तेव्हा यंत्रे काचेच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. सामान मोडले तर तपासणीत काय दाखवायचे, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न खोटा नाही. ज्या गृहस्थाने १९८९ साली पेटी पुतण्याला दिली, त्याने त्यांस उत्तर देऊ नये हेच बरे.

नात यंदा अकरावीत आहे. यंदा टेबलापलीकडे मुलाखत घ्यायला बसलेल्या तिघांत ती होती. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "आजोबा, पणजोबांच्या फाइल्स अजून आहेत का? आई म्हणते, होत्या. नवीन मुलांना दाखवायच्या आहेत."

आम्ही रिक्षा करून मकरपुऱ्यास पुतण्याकडे गेलो. तीस-पस्तीस वर्षांनंतर दिलेली वस्तू परत मागायची, म्हणून वाटेत चार प्रकारे वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही लागले नाही. तो माळ्यावर चढला, धूळ झटकीत पेटी खाली आणली आणि म्हणाला, "काका, मी हिला कधी हातच लावला नाही. संगणकावरच सगळी नोकरी झाली." झाकणाचा स्क्रू गंजला होता. तो डिसमिसने, म्हणजे आमच्या बडोद्याच्या बोलीत स्क्रूड्रायव्हरने, काढावा लागला. आत मेणकापडात गुंडाळलेल्या सात कानशी निघाल्या, आणि गुण्या. गुण्या आम्ही खिडकीशी नेऊन पुस्तकाच्या कोपऱ्यावर धरला. पुस्तकच वाकडे निघाले.

पुढील आठवड्यात शेजारचे एक कुटुंब न्यू जर्सीस जात आहे, त्यांच्या मोठ्या सामानात पेटी जाईल. सौ. ने तिला जुन्या सतरंजीत शिवले आहे. वर नावाची चिठ्ठी डकवायची होती. सौ. म्हणाली, नातीचे लिहा, तिनेच मागितली आहे. आम्ही लेकीचे लिहिले.